पाळण्याचा पिवळा

माळ्यावरून पाळणा खाली उतरवला, तेव्हा आधी दिसला तो त्याचा पिवळा रंग. ओल्या फडक्यानं पुसला आणि कठड्यावर कोवळं ऊन पडावं तसा उजळला. माझी लेक याच पाळण्यात वाढली. आता तिची सात महिन्यांची मुलगी त्यात निजणार होती. कठड्याच्या एका टोकाला बारीक खळगे होते. दात येताना लेकीनं तिथला रंग कुरतडला होता. त्या खळग्यांवरून मी केवढ्या कौतुकानं बोट फिरवत असे!

या खेपेला बोट तिथेच थबकलं. चित्रं काढता काढता रंगांविषयी वाचत गेले, त्यातून एवढं कळलंय की जुन्या तैलरंगातला असा झळझळीत पिवळा पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटचा असायचा. शिसं पोटात गेलं की हाडांत मुक्काम ठोकतं, वाढत्या मेंदूला बाधतं. लहान मुलांसाठी त्याचं निर्धोक असं प्रमाणच नाही. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा.

"काकू, पॉलिश पेपर मारतो, तासाभरात नवा करून देतो," सुतार म्हणाला. मी नको म्हटलं. कोरडा घासला तर तीच धूळ घरभर बसणार आणि रांगणाऱ्या तळव्यांना लागणार. पाळणा चादरीत गुंडाळून पुन्हा माळ्यावर गेला. टाकून देववत नाही. लेक धडधाकट आहे, शिकली-सवरली, तरी ते खळगे आठवले की रात्री जाग येते.

नात आता झोळीत निजते. माझ्या आईच्या मऊ सुती लुगड्याची झोळी. तिच्यासमोर भिंतीवर काहीतरी पिवळं हवं, हा माझा हट्ट मात्र सुटला नाही. हळदीचे पक्षी काढायचं ठरवलं. पण झळाळीच्या मोहापायी हळदीतही हेच क्रोमेट मिसळल्याचं आढळलं आहे, आपल्याकडे आणि बांगलादेशातही. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून मळकट, पॉलिश न केलेली हळकुंडं आणली आणि घरीच कुटली.

पूर्वी मी ठासून सांगत असे, जुनं ते निर्धोक, मातीतलं ते निर्मळ. चुकत होते मी. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर पिवळी हरताळ फासत. आपला वाक्प्रचार तिथूनच आला. ती हरताळ खाणीतलीच, अगदी नैसर्गिक, आणि तिच्यात आर्सेनिक. देवाला माखतात तो पारंपरिक शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा. रंगाला कूळ विचारावंच लागतं, मग तो दुकानातला असो की देव्हाऱ्यातला.

हळदीचं कूळ मला ठाऊक आहे. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात हळद खलायची. जाड सुती कापडावर पहिला हात फिका येतो, दुसऱ्या हाताला पिसं भरू लागतात. चोचीला लाल हवा होता. वाटीतली थोडी हळद वेगळी काढून तिच्यात चुन्याची निवळी टाकली आणि डोळ्यांदेखत ती कुंकवासारखी झाली. किती वेळा केलं तरी या क्षणी माझा श्वास अडतो. चोची रंगवून झाल्यावर ती वाटी आधी उंचावर ठेवली. चुना तो चुनाच.

हळद उन्हाला टिकत नाही. खिडकीजवळचा पक्षी दोन महिन्यांत विटला, भाताच्या काडासारखा झाला. पाळण्याचा पिवळा इतक्या वर्षांत तसूभर हलला नव्हता, त्याच्या शेजारी हा किती दुबळा! पण काल पुन्हा डिंक भिजवला. कापड जमिनीवर पसरून बसले, तर नात रांगत आली, हळदीच्या वाटीत पाचही बोटं बुडवली आणि मूठ थेट तोंडात घातली.

मी तिचा हात धरला नाही.