विषाणू टिकतो कसा : गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि प्रतिकारसंस्थेचे रेणू

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. हाराल्ड त्सुर हाउजेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये या कर्करोगाच्या गाठींत एचपीव्ही-१६ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही-१८ शोधून काढला. २००८ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामाबद्दल मिळाले. जगभरातील सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार सापडतात. संसर्ग मात्र अगदी सर्रास आढळणारा आहे. बहुतेक स्त्रियांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि दहांतल्या सुमारे नऊ जणींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. कर्करोग होतो तो उरलेल्यांपैकी काही जणींना. त्यांच्या शरीरात विषाणू टिकला कसा, हाच या आजारातला कळीचा प्रश्न आहे.

गर्भाशयमुखावर दोन वेगळ्या प्रकारची अस्तरे एकमेकांना मिळतात, त्या पट्ट्यात बहुतेक कर्करोग सुरू होतात. विषाणू बारीकशा ओरखड्यातून अस्तराच्या तळाच्या थरात शिरतो. तळच्या पेशी वाढत वाढत वर सरकतात आणि नवे विषाणू तयार होतात ते अगदी वरच्या, एरवीही गळूनच पडणाऱ्या पेशींत. ना पेशी फुटते, ना विषाणू रक्तात उतरतो, ना दाह होतो. प्रतिकारसंस्थेला जाग यावी असे काही घडतच नाही.

तरीही पेशीची स्वतःची धोक्याची यंत्रणा असतेच. टीएलआर-९ हा ग्राही रेणू विषाणूचा डीएनए ओळखतो आणि इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन तयार होऊ लागते. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने टीएलआर-९ चे प्रमाण घटवतात. शिवाय ई-६ प्रथिन आयआरएफ-३ या रेणूला धरून ठेवते, म्हणून इंटरफेरॉन पुरेसे तयार होत नाही. ई-७ प्रथिन आयआरएफ-९ ला अडवते, म्हणून तयार झालेल्या इंटरफेरॉनचा निरोप पेशीकेंद्रापर्यंत पोहोचत नाही. पेशीच्या बेबंद वाढीला आवर घालणारी पी-५३ आणि आरबी ही प्रथिने निकामी करणारीही हीच दोघे. कर्करोगाची सुरुवात आणि प्रतिकाराची मुस्कटदाबी ही दोन्ही कामे एकाच हाताने होतात, हे या विषाणूचे सर्वांत घातक वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

पुढचा डाव जास्त बारकाईने पाहण्याजोगा आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर चढवून पृष्ठभागावर मांडते. मारक टी-पेशी ते तपासत फिरतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशी संपवतात. ई-७ प्रथिन एचएलए रेणूंची आणि तुकडे वाहून नेणाऱ्या टॅप प्रथिनाची निर्मितीच कमी करते. ई-५ हे तिसरे प्रथिन तयार झालेले एचएलए-ए आणि एचएलए-बी रेणू पेशीच्या आत, गॉल्जी पिंडात, अडकवून ठेवते. पण एचएलए रेणू पुरते नाहीसे झाले तर नॅचरल किलर पेशींना संशय येतो; मांडणीच नसलेली पेशी त्या मारतात. ई-५ प्रथिन एचएलए-सी आणि एचएलए-ई यांना हात लावत नाही, आणि या दोघांना पाहून नॅचरल किलर पेशी शांत राहतात. दोन्ही पहारे असे चुकवले जातात.

या झुंजीचा निकाल बऱ्याच अंशी सायटोकाइन, म्हणजे पेशींमधले निरोप्या रेणू, ठरवतात. इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा यांचा जोर असेल तर कर्करोगपूर्व बदल मागे हटण्याची शक्यता वाढते. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा वरचढ झाले तर टी-पेशी मंदावतात आणि बदल पुढे सरकतात. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीत संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित स्त्रीत हाच काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो. एचआयव्हीबाधित स्त्रियांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो.

गाठ तयार झाल्यावर चित्र पालटते. आरंभी टाळलेला दाह आता गाठीच्या कामी येतो. कर्कपेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात, त्यामुळे तिथे आलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी गाठीलाच साथ देऊ लागतात. व्हीईजीएफ या वाढघटकामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कर्कपेशींच्या पृष्ठभागावरचा पीडी-एल-१ रेणू टी-पेशींना थोपवून धरतो. हा अडथळा दूर करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०१८ मध्ये परत उलटलेल्या किंवा पसरलेल्या, पीडी-एल-१ असलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मात्र एकट्या या औषधाला अशा रुग्णांतल्या साधारण सातांपैकी एकीनेच प्रतिसाद दिला, आणि त्याची किंमत आजही बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

एचपीव्हीची प्रतिबंधक लस वेगळ्या टप्प्यावर काम करते. तिच्यातील एल-१ प्रथिनाच्या पोकळ कणांमुळे रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात. ती पाझरून गर्भाशयमुखाच्या स्रावात उतरतात आणि विषाणूला पेशीत शिरण्याआधीच गाठतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये आली. आधीच बाधित झालेल्या तळच्या पेशींत एल-१ बनतच नाही, त्यामुळे जुना संसर्ग लसीने बरा होत नाही. म्हणून ती मुलींना लहान वयात द्यायची आणि तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची तपासणी करायची. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवरच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.