लोभ असावा, पावती पाठवावी

परवा मंडईत मेथीची जुडी निवडीत असता खिशातला फोन किणकिणला, आणि पाहतो तो वाड्याच्या मागल्या दोन खोल्यांचे माहेवार भाडे, रुपये 36, माझ्या खात्यात जमा झाल्याची वर्दी; सोबत ना नमस्कार, ना मजकूर. जुडीचे 40 द्यावे लागले ही गोष्ट सोडून देऊ. पण ज्या खोल्यांच्या भाड्यापायी आमच्या घरात एके काळी वकीलपत्रे निघाली, त्यांचे भाडे इतक्या निमूटपणे यावे, हे मनाला कसेसेच वाटले.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पाण्याने नदीकाठच्या पेठांतील वाडेच्या वाडे जमीनदोस्त केले, तेव्हा एक पत्र्याची ट्रंक आणि बायकोमुले एवढाच संसार वाचवून आलेल्या एका मुद्रितशोधकास आजोबांनी, भाडेचिठ्ठी नाही, अनामत नाही, अशा केवळ तोंडी बोलीवर, दरमहा 18 रुपयांनी त्या खोल्या दिल्या. वर्ष-दीड वर्ष सारे सुरळीत चालले. मग एका दिवाळीत फडताळ झाडताना तळाशी अंथरलेल्या जुन्या कागदांत त्या गृहस्थास आधीच्या भाडेकरूची एक पावती सापडली: सप्टेंबर 1940, रुपये 9, आणि खाली आजोबांची सुवाच्य, वळणदार सही.

येथे इतिहास मध्ये येतो, आणि त्याला वाट देणे भाग आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसांची दाटी झाली म्हणून 1918 साली भाड्यावर पहिला निर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धाने तो पुन्हा आणला. आणि 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच बहुतांश जुन्या घरांचे प्रमाण भाडे ठरवून टाकले. हा कायदा काही वर्षांपुरता म्हणून जन्मास आला आणि मुदतवाढीवर मुदतवाढ मिळवीत शतक संपेपर्यंत जगला; गोठवलेले हे भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत 1997 चा डिसेंबर उजाडला होता. भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे, किंवा देण्यास तयार व राजी आहे, तोवर त्यास भाड्यापायी हुसकावता येत नाही, ही त्या कायद्याची मेख. आणि भाडे घेतले की लेखी पावती दिलीच पाहिजे, ही दुसरी.

मुद्रितशोधकाने प्रमाण भाडे ठरवून मिळावे म्हणून अर्ज केला. आजोबांनी नऊ रुपये घेणार नाही असे सांगितले. तेव्हापासून दर महिन्याच्या आरंभी, चौकाच्या पलीकडल्या खोलीतून अलीकडच्या ओसरीवर येण्यासाठी ते नऊ रुपये टपाल कचेरीची वाट चालू लागले. पोस्टमन 'मनिऑर्डर' असे म्हणे, आजोबा झोपाळ्यावरून न उतरता 'नाकारली' असे लिहून देत, आणि रक्कम ज्या दाराने आली त्याच दाराने कचेरीकडे माघारी जाई. मनिऑर्डरचे कमिशन तेवढे सरकारजमा होई. कुपनावर दर खेपेस एकच मजकूर असे: माहे अमुकचे भाडे पाठविले आहे, कृपया पावती पाठवावी, लोभ असावा ही विनंती. आणि संध्याकाळी तोच इसम आमच्याच ओसरीवर बसून आमचाच 'केसरी' वाची, आजी त्यास चहा देई, गणपतीत आजोबांच्या शेजारी उभा राहून टाळ वाजवी. पुढे आजोबांनी भाडे थकल्याचा दावा लावला; थकबाकीचा दावा मांडणाऱ्यानेच थकबाकी निर्माण करावी, हा न्याय मला त्या वयातही चमत्कारिक वाटे.

भांडण पैशाचे नव्हते, पावतीचे होते. पावती फाडली की हक्क कबूल झाला.

दाव्याची नक्कल मुद्रितशोधकावर बजावली गेली, तेव्हा त्याने केलेले कृत्य आजोबा मरेपर्यंत विसरले नाहीत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 साली नुकतेच आले होते. त्यांस अनुसरून त्याने त्या नकलेतले एकूण एक अनुच्चारित अनुस्वार तांबड्या शाईने उडविले, दोन ऱ्हस्व दीर्घ केले, आणि कागद अदबीने परत आणून दिला. दावा फेटाळला गेला, भाडे नऊच ठरले. आजोबांचा संताप मात्र अनुस्वारांचाच राहिला.

माझी स्वतःची अढी वेगळ्याच बिऱ्हाडावर आहे. माडीवरच्या गृहस्थांनी कोथरूडला सदनिका घेतली, कुलूप घालून तिकडे गेले, आणि पहिल्या तारखेस भाडे पाठविण्यात कधी खंड पडू दिला नाही. असल्या वक्तशीर माणसाला शिव्या देण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही, म्हणून मी त्या कुलपाला मनातल्या मनात देत आलो.

जिन्याखालच्या खोलीत पापड लाटणाऱ्या एक विधवा बाई राहात. त्यांच्याकडून पैसे आलेले कोणी पाहिले नाहीत. पण शिधापत्रिकेसाठी भाडेपावती लागे, म्हणून आजोबा दुपारी झोपले की आजी त्यांचे पावतीपुस्तक काढून बाईंच्या नावे पावती लिही, आजोबांच्या सहीचे वळण तिने गिरविले होते, आणि स्थळप्रतीवर 'रोख पावले' असा शेराही मारी. आजोबांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. जमाखर्च दर शनिवारी तेच ताळून पाहात.

आता वाडा विकसकाकडे जायचा आहे, आणि जो तो भाडेकरू कागद शोधतो आहे. वकिलांनी आमच्या दप्तरातून तक्ता केला, त्यात मुद्रितशोधकाच्या नावापुढे 'थकबाकीदार, दावा' अशी नोंद निघाली, आणि पापडवाल्या बाई वाड्यातील सर्वांत नियमित भाडेकरू ठरल्या. त्यांची नात नांदेडला असते. तिला नव्या इमारतीत जागा द्यावी लागेल, असे वकील म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो, त्या पावत्यांवरची सही आजोबांची वाटत नाही, तज्ज्ञास दाखवू. मी त्याला म्हटले, सही आजोबांचीच आहे, मी ओळखतो. आणि नातीचा पत्ता वकिलांना कळविला.