हौसेचा विमा

विम्याचा कागद हा वाचण्यासाठी नसून जपून ठेवण्यासाठी असतो, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वर्षातून एकदा हप्ता भरावा, कागद मोटारीच्या खणात सारावा आणि तो बाहेर काढण्याचा प्रसंग न येवो अशी प्रार्थना करावी, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. मी नियमांच्या पुस्तकांवर पोट भरणारा मनुष्य. तरी त्या कागदातील एका कलमाचा अर्थ मला उमगला तो एका स्नेह्यांच्या घरी.

हे स्नेही मूळचे सांगलीकडचे. कोरमंगलातील केंद्रीय सदनात आमच्या कचेऱ्या जवळजवळ आहेत. त्यांनी सर्जापूर रोडवर दोम्मसंद्रच्या अलीकडे बिऱ्हाड केले आणि कर्ज काढून एक मोटार घेतली. बंगळूरकर वाचकांना त्या रस्त्याची ओळख करून द्यायला नको. सायंकाळी तेथे मोटार चालते असे म्हणण्यापेक्षा ती थांबण्याच्या जागा बदलते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. आठवडाभर असा कुढत बसणारा त्यांचा चिरंजीव रविवारी मोकळ्या मैदानाकडे धावू लागला, यात नवल नाही. त्याला ऑटोक्रॉसचा नाद लागला.

या खेळात मैदानावर शंकू मांडून वळणावळणाची वाट आखलेली असते. एका वेळी एकच मोटार सुटते. कमीत कमी सेकंदांत जो वाट पुरी करील तो जिंकतो. शंकू पाडल्यास दंडाचे सेकंद वाढतात. आपल्याकडे हा खेळ बहुधा मातीवर होतो आणि हौशी मंडळी पुष्कळदा घरचीच मोटार घेऊन उतरतात. ''काका, शेजारी दुसरी मोटारच नसते. मग ही शर्यत कशी?'' असे तो मला विचारी.

प्रश्न बिनतोड वाटे. पण विम्याच्या कागदाने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. ज्या उपयोगांना संरक्षण नाही, त्यांत 'संघटित शर्यत' तर आहेच. शिवाय 'वेगाची चाचणी' हेही शब्द आहेत. पहिल्या शब्दांतून हा खेळ कदाचित निसटेल. परंतु घड्याळ लावून मोजलेली धाव ही वेगाची चाचणी नव्हे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात अशी अट घालण्याची मुभा विमा कंपनीला होती. १९८८ च्या कायद्यानेही ती कायम ठेवली. तेव्हा प्रश्न केवळ आपल्या मोटारीच्या पत्र्याचा नाही. मैदानाकडेला उभ्या असलेल्या एखाद्या बघ्याला इजा झाली, तर त्याच्या भरपाईचा भारही मालकाच्या शिरावर येऊ शकतो. २००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात रॅलीसाठी क्रमांक ३१ चे पुरवणी कलम होते. स्पर्धेचे नाव, स्थळ आणि दिवस नमूद करून व जादा हप्ता भरून तेवढ्यापुरते संरक्षण घेता येई. मात्र शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातूनही वगळलेलीच होती.

एका रविवारी ती मोटार वळणावर कलंडली. सुदैवाने मुलाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण छत पार चेपले. सायंकाळी हितचिंतक जमले आणि सर्वांचे एकमत झाले, ''अर्जात स्थळ म्हणून सर्जापूर रोड लिहा. खड्डा चुकवताना उलटली म्हणा. त्या रस्त्याबद्दल कोण शंका घेणार?'' खरोखरच कोणी घेतली नसती. कर्जाचे हप्ते अजून बाकी होते. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्यांची नजर त्या अर्जावर होती.

दोन दिवस तो अर्ज कोराच पडून होता. तिसऱ्या दिवशी स्नेह्यांनी तो फाडला आणि भविष्य निर्वाह निधीतून उचल घेण्याचा दुसरा अर्ज भरला. मला म्हणाले, ''लोकांच्या अर्जांतली स्थळे आणि तारखा तपासण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. आता माझ्याच हाताने खोटे स्थळ कसे लिहू?''

या वागण्याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला मात्र आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची वर्गणी आठवते. ती सर्वांची असते, म्हणून मांडव वाऱ्याने पडला तर तीतून पुन्हा उभारावा. एखाद्याने आपल्या घरची सहल तीतून काढू नये. विम्याचा निधी तरी दुसरे काय आहे? अनोळखी लोकांनी संकटाच्या भीतीने त्यात पैसे टाकलेले असतात. आपण आनंदासाठी पत्करलेल्या जोखमीचे मोल त्यांनी का द्यावे?

याचा अर्थ तरुणांनी खेळू नये असा नव्हे. मैदानावर शंकूंमध्ये वेग आजमावणारा मुलगा भर रस्त्यावर तो आजमावणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. फक्त आधी विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे. संयोजकांनी स्पर्धकांचा व प्रेक्षकांचा कोणता विमा उतरवला आहे, तो कागद पाहावा. आणि जी मोटार मोडली तर घराचा हप्ता चुकेल, ती मैदानात नेऊ नये. स्नेह्यांचा चिरंजीव सध्या एका जुन्या लहान मोटारीसाठी पगारातून पैसे बाजूला टाकीत आहे. तोवर रविवारी तो मैदानावर जातो आणि इतरांनी पाडलेले शंकू उभे करतो.