कुंडीतली स्ट्रॉबेरी

गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाने महाबळेश्वरला गेलो होतो. येताना मुलीसाठी स्ट्रॉबेरीची चार रोपे आणली. सहामाहीत ती गणितात नापास झाली होती आणि मी तिला फार बोललो होतो.

सौ. म्हणाली, "अहो, साडेचार हजार फुटांवरचं रोप कल्याणच्या उकाड्यात जगेल का? नळाला पाणी तासभर!"

मी हौसेने रोपे खोल पुरली, दोन्ही वेळ पाणी ओतले. पंधरा दिवसांत तीन कुजली. नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, मधला कोंब मातीच्या वर पाहिजे. वाळू मिसळा, दुपारचं ऊन टाळा."

चौथे रोप मुलीने तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगवले. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या तेव्हा फूल आले. फेब्रुवारीत बोराएवढी दोन फळे लागली. एक तिने शेजारच्या आजारी आजींना दिले, दुसरे आम्ही चौघांनी वाटून खाल्ले.

एप्रिलच्या उन्हात रोप वाळले. मुलगी म्हणाली, "बाबा, रोपं मेली तेव्हा तुम्ही त्यांना रागावला नाहीत. विचारायला गेलात."

मी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिच्या गणिताच्या बाईंना भेटलो.

बंधु-भगिनींनो, मुलांना बोल लावण्याआधी आपण माती तपासतो का?