एका रात्रीची जागा

मनुष्य घराबाहेर झोपतो त्याची कारणे दोनच असतात. एक तर घराचा कंटाळा येतो म्हणून, नाहीतर घर सोडल्यावाचून पोट भरत नाही म्हणून. पहिल्या प्रकारची रात्र आम्ही २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत काढली. दुसऱ्या प्रकारची त्यानंतर दोनच महिन्यांनी आंबेगाव तालुक्यात. या दोन रात्रींच्या मागे आणखी एक जुनी रात्र उभी आहे. ती आम्ही काढली नाही. दुसऱ्यांना काढावयास लावली. तिच्याविषयी आजवर कोठे बोललो नव्हतो. वाचकांपुढे ती मांडावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक कुटुंब कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे स्थायिक झाले आहे. त्यांच्या आग्रहावरून, नाताळापूर्वी परतण्याच्या अटीवर, आम्ही आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात तेथे गेलो. त्यांनी आमच्यासाठी एक बेत आखून ठेवला होता : वाळवंटात दोन रात्री मुक्काम. त्यासाठी एक मोटार-घर भाड्याने आणले होते. तिकडे त्याला आर. व्ही. म्हणतात, करमणुकीचे वाहन असा त्याचा अर्थ. आपल्या मिनीबसएवढ्या त्या गाडीत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, एवढेच काय, संडास-न्हाणीही होती. पोटाखाली टाक्या : एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. मुक्कामाच्या जागी प्रत्येक गाडीसाठी एक खांब असतो. त्याला जाड वायर जोडली की वीज, नळी जोडली की पाणी. गाडी तिरकी उभी राहिली तर झोपणारा पलंगावरून घसरतो, म्हणून चाकांखाली ठोकळे सारून ती समतल करावी लागते. निघताना टाक्यांतील घाण नेमून दिलेल्या ठिकाणीच सोडावयाची. यजमान हे सारे मोठ्या हौसेने करीत होते. घरी त्यांच्या सौभाग्यवतीने नळाचा वॉशर बदलावयास सांगितले तर ते प्लंबरला फोन करतात, हेही आम्हांस त्याच वेळी कळले.

जागा होती अँझा-बोर्रेगो हे राज्य उद्यान. कॅलिफोर्नियातील राज्य उद्यानांत ते सर्वांत मोठे. क्षेत्रफळ सहा लाख एकरांहून अधिक. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानातील वाळूच्या टेकड्या येतात. येथे मात्र उघडे दगडी डोंगर, निवडुंगांची राने आणि एखाद्या घळीत पाझर असेल तेथे ताडांचा अवचित झुपका. उन्हाळ्यात तेथे जीव भाजून निघतो, म्हणून लोक हिवाळ्यातच येतात. नियम कडक. जमिनीवरचे लाकूड, अगदी वाळलेलेसुद्धा, गोळा करावयाचे नाही. विस्तव पेटवावयाचा तो धातूच्या भांड्यातच. रात्री दहानंतर शांतता. आसपास दिव्यांचा झगमगाट मुद्दाम कमी ठेवलेला असल्यामुळे आकाश असे दिसते की लहानपणी गावच्या अंगणात दिसे, त्याची आठवण व्हावी.

या उद्यानाच्या नावातच एक कथा आहे. बोर्रेगो हा स्पॅनिश शब्द, अर्थ मेंढी. वळणदार शिंगांची रानमेंढी त्या डोंगरांत राहते. ती इतकी घटली की १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने तिची गणना नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांत केली. अँझा हे एका स्पॅनिश सेनाधिकाऱ्याचे नाव. हुआन बाउतिस्ता दे अँझा हा १७७५ मध्ये दोनशेंहून अधिक माणसे घेऊन या वाळवंटातून निघाला होता. बरीचशी बायका-मुलांसह निघालेली गरीब कुटुंबे. सॅन फ्रान्सिस्को वसविण्यासाठी त्यांना नेले जात होते. सोबत पेद्रो फाँट नावाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते व ते रोजनिशी लिहीत असत. २४ डिसेंबर १७७५ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, हा तांडा आजच्या उद्यानातील कायोटी दरीत उतरला असता एक स्त्री तेथे बाळंत झाली. मुलाचे नाव साल्वादोर, म्हणजे तारणारा, असे ठेवण्यात आले. बाळंतिणीसाठी तांड्याने दुसऱ्या दिवशी मुक्काम हलविला नाही.

आम्ही ही कथा शेकोटीपाशी सांगितली तेव्हा यजमानांच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "फादर, मग त्यांनी वायर कुठे जोडली?" सगळे हसले. पण त्याचा दुसरा प्रश्न आला तेव्हा आम्हांला हसता आले नाही. "त्यांना तिथे राहायला कोणी दिले?"

उत्तर सोपे नव्हते. ती दरी ओसाड नव्हती. काहुइया नावाचे आदिवासी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना कोणी विचारले नाही. येणारे गरीब होते, थंडीने गारठलेले होते, त्यांच्यात एक बाळंतीण होती, हे सारे खरे. आणि त्यांच्यामागून जे आले त्यात त्या आदिवासींची भूमी गेली, हेही तितकेच खरे. मुलाला आम्ही एवढेच सांगितले की, "बाळ, जागा मागावी लागते, आणि ज्याच्यापाशी असेल त्याने द्यावी लागते." बोलून गेलो खरे, पण गाडीत जाऊन दार लावून घेतल्यावर झोप येईना. बाहेर कोल्ह्यांच्या जातीचे कायोटी ओरडत होते. आमचे दार भक्कम होते. झोप येत नव्हती ती स्वतःच्याच वाक्यामुळे.

कारण आमच्यापाशी एकदा जागा मागितली गेली होती.

दीक्षा होऊन चारपाच वर्षे झाली असतील. एका धर्मग्रामाचा स्वतंत्र कारभार प्रथमच हाती आला होता. दृढीकरणाच्या समारंभासाठी दुसऱ्या दिवशी महागुरुस्वामी यावयाचे होते. मांडव घातलेला, आवार झाडून सडा टाकलेला. संध्याकाळी फाटकाशी एक धनगर आला. आभाळ भरून आले आहे, मेंढरे रात्रीपुरती आवारात बसवू द्या, म्हणाला. आम्ही नाही म्हणालो. लेंड्यांनी आवार घाण होईल, हे कारण सांगितले. त्याने वाद घातला नाही. "बरं," म्हणून तो वळला. त्या रात्री अवकाळी पाऊस झाला. पहाटे वेदीसाठी फुले आणावयास मोटारसायकलवरून निघालो, तर रस्त्याच्या कडेला वडाखाली ते बिऱ्हाड भिजलेले बसले होते. एक बाई ओल्या घोंगडीखाली काही झाकीत होती. आम्ही थांबलो नाही. त्याच सकाळी महागुरुस्वामींनी, हाती मेंढपाळाची काठी धरून, उत्तम मेंढपाळावर प्रवचन केले. मिस्सा सुरेख झाली. आवार स्वच्छ होते.

मायदेशी परतल्यावर महाळुंगे पडवळ येथील एका जुन्या मित्राशी बोलताना वाळवंटातील मुक्कामाचा विषय निघाला. ते शेतकरी, महाविद्यालयात आमच्या वर्गात होते. ते म्हणाले, "फादर, उघड्यावर झोपायला एवढ्या लांब गेलात? इकडे या. बटाटा काढलेल्या रानात वाडा बसलाय." फेब्रुवारीत आम्ही गेलो.

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. १९०८ मध्ये जन्मलेला हा मुलगा पोटासाठी मुंबईला गिरणीत गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी येथे विलायती मालाच्या ट्रकपुढे देह ठेवून अमर झाला. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. या धरणाखाली मूळचे आंबेगाव बुडाले; ज्या गावाने तालुक्याला नाव दिले त्याच गावाला घर सोडावे लागले. धरणाच्या पाण्याने खोऱ्यात ऊस वाढला, आणि उसाच्या दाटीत बिबटे राहू लागले, वाढू लागले. आज जुन्नर-आंबेगावातील मूल उसात जन्मलेल्या बिबट्याविषयी ऐकतच मोठे होते. जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. माणसाला मात्र आपला निवारा आपणच पाहावा लागतो.

धनगरांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. ज्याला भिंत नाही त्याला वाडा म्हणावे, यात थट्टा नाही. तो वाडाच असतो. तीन कुटुंबे, तीनेकशे मेंढ्या, पाच घोडी, चार कुत्री. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार : घोंगड्या, भांडी, पीठ, दळाची पोती, काठ्या, आणि वाघर म्हणजे मेंढ्या कोंडण्याची सुतळीची जाळी. सर्वांत वर कोंबड्यांची डालगी आणि चालता न येणारी कोकरे. पुरुष मेंढ्या चारून आणेपर्यंत बायकांनी घोडी उतरवून, वाघर ठोकून, तीन दगडांची चूल पेटविलेली असते. मेंढ्या रात्रभर रानात बसल्या की लेंडीखत व मूत्र जमिनीला मिळते. त्याबद्दल शेतकरी मोबदला देतो. पूर्वी धान्य देत, आता बहुधा रोख. म्हणजे हे लोक फुकट जागा मागत नाहीत. जेथे झोपतात ती जमीन सुपीक करून जातात. आमच्या मोटार-घराने मागे ठेवला तो टाकीतला मैला. तोही पैसे मोजून.

वाड्यातील म्हातारीला आम्ही विचारले, "आजी, तुमचे घर कोठे?"

"पारनेरकडं. घर हाय की, चार खणाचं. पावसाळ्यात आसतो तिथं. आता धाकला ल्योक आन्‌ शाळंतली दोन नातवंडं ऱ्हात्यात."

शाळेत जाणारी दोन तेथे. न जाणारे एक, तीन वर्षांचे, येथे. रात्री ते वाड्याच्या मधोमध, आईबापांच्या मध्ये निजले. उशाशी वन विभागाकडून मिळालेला सौर दिवा. दोनच्या सुमारास कुत्री एकाएकी उसाच्या दिशेने भुंकू लागली. पुरुष काठ्या घेऊन उठले. कोणी पत्र्याचा डबा बडविला. मुलाची आई उठली, झोपलेल्या पोराला मांडीत घेतले आणि उसाकडे पाठ करून बसली. ती ओरडली नाही. तिने आपली पाठ फक्त त्या बाजूला केली. विजेरीच्या झोतात बांधाशी दोन डोळे चमकले आणि विझले. म्हातारीने आधी माणसे मोजली, मग मेंढरे. सगळी होती.

आमचे मित्र शंभर पावलांवरच्या घरातून धावत आले व म्हणाले, "फादर, आत चला." आम्ही गेलो नाही. यात शौर्य नव्हते. जावयाचे ठरविले असते तर जाता आले असते. वाळवंटातही असेच होते. आम्हांला परतावयास घर होते, म्हणून ती रात्र करमणूक होती. त्या माउलीला त्या रात्री आत कोठेच जाता येत नव्हते.

पहाटे म्हातारी भाकरी थापीत होती. तिच्यापाशी बसून आम्ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. फाटक, मांडव, महागुरुस्वामी, सारे सांगितले. का सांगितले, कोण जाणे; कबुली देण्याची सवय आम्हां धर्मगुरूंनाही असते. ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारले,

"पाऊस व्हता का?"

"होता."

"मंग कोकरं गेली आसतील." एवढे बोलून तिने भाकरी उलटली. ती थोडी करपली होती. तीच मोडून तिने आमच्या हातावर ठेवली.

त्या ओल्या घोंगडीखाली काय होते ते आम्हांला त्या क्षणी कळले. खरे तर तेव्हाच कळावयास हवे होते. गाडी थांबविली असती तर कळले असते. म्हातारीने क्षमा केली नाही, दोषही दिला नाही. जे झाले असेल ते सांगितले. आजवर अनेक पापनिवेदने आम्ही ऐकली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत आमचे पाप आम्हांला कोणी दाखविले नव्हते.

वाचकहो, इस्राएलची प्रजा चाळीस वर्षे राहुट्यांत राहिली. तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम मिळाली ती रानात रात्री मेंढरे राखणाऱ्यांना. कारण त्या वेळी तेच जागे होते. आपण दर नाताळला गोठा सजवितो, त्यात मातीचे मेंढपाळ व कापसाची मेंढरे मांडतो. ती लेंड्या टाकीत नाहीत. जी टाकतात ती फाटकाशी येतात तेव्हा आपली परीक्षा असते.

आमच्या सध्याच्या धर्मग्रामात चर्चमागे पाऊण एकर मोकळे रान आहे. धर्मग्रामाच्या सभेत आम्ही विषय मांडला. एकाने आवाराच्या स्वच्छतेचा मुद्दा काढला. तो आम्हांला फार ओळखीचा वाटला. बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की दिवाळीनंतर त्या बाजूच्या फाटकाला कुलूप घालावयाचे नाही, आणि हौदात पाणी भरून ठेवावयाचे.

यंदा अजून कोणी आलेले नाही. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही त्या फाटकापर्यंत एक फेरी मारतो. ते उघडे आहे ना, एवढे पाहून परततो.