ते देवाचं होतं, हे कोणाचं?

'स्टार वॉर्स'मधल्या टाय फायटरचा आवाज कसा तयार केला, ठाऊक आहे? बेन बर्ट नावाच्या साउंड डिझायनरने हत्तीचा चीत्कार घेतला आणि त्यात ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज मिसळला. बास. १९७७ सालच्या सिनेमातली ती अंगावर येणारी किंकाळी म्हणजे एक हत्ती आणि एक मोटार. पावसाळ्यात शीवच्या फ्लायओव्हरखाली उभं राहून ज्यांनी बसची वाट पाहिलीय, त्यांना त्यातला अर्धा आवाज तोंडपाठ असतो. हत्ती तेवढा कमी पडतो.

आमच्या घरात हा आवाज सिनेमाच्या आधी आला. गेममधून. 'टाय फायटर' हा गेम लुकासआर्ट्सने १९९४ साली काढला. त्यात तुम्ही सम्राटाच्या नोकरीतले वैमानिक असता, म्हणजे सिनेमातल्या व्हिलनच्या बाजूचे. सुरुवातीला हातात येणारं यान अगदीच गरीब. त्याला शील्ड नाही, हायपरस्पेसमध्ये उडी मारायची सोय नाही. चार फटके बसले की खेळ खलास. दुसऱ्या गेममध्ये तुम्ही हिरो असता, इथे कारकून होतात. वरून हुकूम येतो, तुम्ही जाता, जमलं तर परत येता. मला वाटतं मुंबईच्या पोरांना तो गेम लगेच कळला त्याचं कारण हेच असावं.

आमच्याकडे कम्प्युटर आला १९९९ साली. दादा चौदा वर्षांचा, मी नऊ. स्टेशनजवळच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत कपाट आणि पलंग यांच्या मध्ये तो मॉनिटर. सीडी दादाने फोर्टच्या फुटपाथवरून आणली होती. ती कुठून येते हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. कामाची वाटणी ठरलेली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली जॉयस्टिक दादाकडे, कीबोर्ड माझ्याकडे. यानाची ताकद मोजकी असते. लेझर भरायला घेतली की इंजिन मंदावतं, इंजिनाला दिली की लेझर रिकामे. ती वाटणी करण्याची बटणं माझी. दादा नुसता ओरडायचा, "लेझर!" "पळव!" आणि मी दाबायची. त्याच्या नावावर जमा असलेल्या मेडलांपैकी निम्मी माझी आहेत, हे इथे लिहून ठेवते.

पुढे कधीतरी केबलवर मूळ सिनेमा लागला. शेवटी डेथ स्टार फुटला आणि मी रडायला लागले. आईला वाटलं पोटात दुखतंय. मी म्हटलं, त्यात आपली माणसं होती.

मग व्हायचं ते झालं. विंडोज बदलत गेलं आणि जुना गेम चालेनासा झाला. २०१२ साली डिस्नीने चार अब्ज डॉलरहून जास्त मोजून लुकासफिल्म विकत घेतली, पुढच्या वर्षी लुकासआर्ट्सचं गेम बनवायचं काम बंद केलं. टाय फायटरला वाली उरला नाही.

उरले ते चाहते. आता त्यांनी काय केलं ते नीट सांगते, कारण 'मॉड' म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी यानाचा रंग बदलला असेल. याच मालिकेतला शेवटचा गेम 'एक्स-विंग अलायन्स', १९९९ सालचा. (जॉयस्टिक जोडलेली नसेल तर हा सुरूच व्हायचा नाही, इतका मानी.) त्याचा सोर्स कोड कंपनीने बाहेर दिला नाही. म्हणजे मशीन समोर आहे, पण नकाशा नाही. 'फ्रीस्पेस २'चं नशीब बरं होतं. त्याच्या कंपनीने २००२ साली कोड मोकळा केला आणि त्यावर चाहत्यांनी 'बॅटलस्टार गॅलक्टिका'चा 'डायस्पोरा' नावाचा अख्खा गेम २०१२ साली उभा केला, फुकट. अलायन्सवाल्यांना हे सुख नव्हतं. त्यांनी तयार प्रोग्रॅम चाचपून त्यात बाहेरून आकडे अडकवले. त्यांना हुकच म्हणतात. मूळ प्रोग्रॅम एखादं काम करायला निघाला की त्याला वाटेत अडवायचं आणि आपलं काम करून घेऊन सोडायचं. चित्राचं तर आणखी मजेशीर आहे. जुना गेम अजूनही पंचवीस वर्षांपूर्वीच्या विंडोजशी बोलतोय अशा समजुतीत असतो. मध्ये चाहत्यांनी लिहिलेली एक फाइल दुभाष्यासारखी बसते आणि त्याचं जुनं बोलणं आजच्या ग्राफिक्स कार्डाला कळेल अशा भाषेत सांगते. गेमला पत्ताच नाही की जग बदललंय.

या सगळ्याच्या डोक्यावर २०२१ साली 'टाय फायटर टोटल कन्व्हर्जन' आला. १९९४ सालच्या मोहिमा अलायन्सच्या इंजिनात नव्याने रचलेल्या. जशाच्या तशा हव्या असतील तर तशा, आणि वाढवून, जास्त यानांसकट हव्या असतील तर तशाही. डोळ्याला व्हीआरचा चष्मा लावून खेळता येतो. किंमत शून्य. अट एकच, मूळ अलायन्स तुम्ही विकत घेतलेला हवा.

दादाने तो उतरवून घेतला आणि एक महिना आम्हाला माणसात सापडला नाही. पण खेळण्याचा भर लवकरच ओसरला. त्याला सापडला मिशन एडिटर, चाहत्यांनीच बनवलेला, ज्यात आपली मोहीम आपण रचता येते. कुठलं यान कुठून येणार, कुणाच्या मागे लागणार, किती मिनिटांनी कुमक येणार, सगळं तक्त्यांत भरायचं. दिसायला हे जीएसटीच्या फॉर्मसारखं दिसतं. दादा रात्री एक-एक वाजेपर्यंत ते भरत बसायचा.

तोवर कुणाची हरकत नव्हती. २०२३ साली दादाची नोकरी गेली. बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी होती, एका सकाळी व्हिडिओ कॉलवर चाळीस जणांना सांगितलं. सात महिने तो घरी होता. वहिनीच्या पगारावर घर, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून सोसायटीच्या रोज मीटिंगा, आणि हा दुपारी अर्ज पाठवून झाले की रात्री सम्राटाची याने हलवतोय.

आई त्याला फुकटची हमाली म्हणायची. वहिनी काही म्हणायची नाही, ते जास्त जड जायचं. मी त्या काळात दर शनिवारी शीवला यायचे. एका शनिवारी वहिनीने विचारलंच, "तुला माहितीय ना, उद्या त्यांनी एक पत्र पाठवलं की हे सगळं बंद?"

तिचं काही चुकत नव्हतं. २०१६ साली 'गॅलक्सी इन टर्मॉइल' नावाचा चाहत्यांचा एक मोठा गेम लुकासफिल्मने थांबवला. २०१८ साली 'अपायरॉन' थांबवला, एका जुन्या स्टार वॉर्स गेमची ती नव्याने केलेली बांधणी होती. लोकांनी कित्येक वर्षं फुकट केलेलं काम, एका पत्रात संपलं. आणि हीच कंपनी २००२ सालापासून चाहत्यांच्या सिनेमांना बक्षिसं द्यायची! म्हणजे अंगणात खेळा, आम्ही टाळ्या वाजवू. पण खेळ फार रंगला तर फाटक लावून घेऊ.

दादाकडे उत्तर होतं. लुकासने तरी सगळं स्वतःचं कुठे केलं? सिनेमाचे इफेक्ट तयार व्हायचे होते तेव्हा त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रपटांतली विमानांची दृश्यं कापून मध्ये चिकटवली होती, कुठलं यान कुठून वळणार हे ठरवायला. शेवटचा तो खंदकातला हल्ला १९५५च्या 'द डॅम बस्टर्स'वरून सरळ सरळ सुचलेला आहे. वहिनी शांतपणे म्हणाली, "हो, पण त्याने ते विकलं."

त्यावर दादाने बाबांचा विषय काढला. तो काढायला नको होता असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही.

बाबा ड्राफ्ट्समन होते, परळच्या एका ऑफिसात. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. नागपंचमी झाली की बाबा माळ्यावरून थर्माकोलच्या शीट काढायचे, तापलेल्या तारेने कापायचे, आणि महिनाभर घरात पांढरा भुगा. जेवताना ताटात, अंथरुणात, माझ्या केसांत. दरवर्षी नवं मखर. रायगडाचा नगारखाना झाला, हेमाडपंती देऊळ झालं, एका वर्षी कुठल्याशा पौराणिक सिनेमातला दरबार झाला. तो बाबांनी थिएटरात दोनदा जाऊन डोळ्यांत भरून आणला होता आणि घरी येऊन मापासकट कागदावर उतरवला होता. विसर्जनानंतर आठवडाभरात ते सगळं मोडायचं. ठेवायला जागा कुठे होती? बाबांनी त्याचे कधी पैसे घेतले नाहीत. शेजारच्या बिल्डिंगीतले एक काका मोबदला देऊ करायचे, तर हे त्यांच्याकडेही फुकट करून यायचे आणि वर रंगही स्वतःचा वापरायचे.

"तेव्हा तू बाबांना हमाल म्हणालीस?" दादाने आईला विचारलं.

आई म्हणाली, "ते देवाचं होतं. हे कोणाचं?"

दादाने क्षणभर विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "डिस्नीचं."

वहिनीला हसू फुटलं. मग मलाही. बऱ्याच महिन्यांनी त्या खोलीत चौघं एकदम हसली असतील.

पण आईचा प्रश्न मी घरी घेऊन आले. माझं मत विचाराल तर हमाली हा शब्द तसा चुकलेला नाही. २०१४-१५पासून हे जुने गेम पुन्हा अधिकृतपणे ऑनलाइन विकायला ठेवलेत. आज एखादा विशीतला मुलगा अलायन्स विकत घेतो तो बहुधा या मॉडसाठीच. घाम चाहत्यांचा, गल्ला मालकाचा. यात रोमँटिक काही नाही, आणि 'पॅशन' वगैरे शब्द वापरून जो ते गोड करून सांगतो त्याच्यापासून मी चार हात लांब राहते.

आणि तरीही. देवाचं म्हणून केलेलं मखर फक्त देवासाठी असतं असंही नाही. 'बाहुबली'नंतर किती मंडळांत माहिष्मतीचे महाल उभे राहिले, आठवा. त्यासाठी कुणी हैदराबादला परवानगीचा अर्ज धाडला असेल असं मला वाटत नाही. लोकांना तो महाल पुन्हा बघायचा होता, आणि या वेळी आत शिरून, हाताने चाचपून बघायचा होता. बाबांनाही दरबार आपल्या खोलीत हवा होता. गणपती हे निमित्त होतं असं म्हटलं तर आई रागावेल, म्हणून तिच्यासमोर म्हणत नाही. कथा दुसऱ्याची आहे हे बाबांना माहीत होतं, ती आपली व्हावी असा हट्टही नव्हता. ती पुन्हा उभी करता येते का, कुठला खांब कुठे टेकतो, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

शीव म्हणजे गावाची हद्द. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला, कारण त्यांची मुंबई इथे संपायची आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. लहानपणी आम्ही त्या किल्ल्यावर जाऊन बसायचो. खाली लोकल जाताना दिसतात. चाहत्यांचं काम अशाच हद्दीवर चालतं असं मला वाटतं. जमीन मालकाची, वहिवाट लोकांची.

बाबा २०१६ साली गेले. दोन वर्षांनी राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली. आता मखर दादा करतो, पुठ्ठ्याचं. आधी स्क्रीनवर काढतो, मग कापतो. कोपऱ्यातली घडी बाबांसारखीच करतो, कुणी न शिकवता.

नोकरी त्याला लागली, ऐरोलीला. पगार आधीपेक्षा कमी आहे. मोहीम मात्र त्याने अर्धी सोडली नाही. गेल्या डिसेंबरात पूर्ण झाली, तेव्हा फोन आला, "ये, कीबोर्ड धरायला माणूस पाहिजे." त्याने ती कुठे टाकलेली नाही, टाकणारही नाही म्हणतो. वहिनीने एकदा खेळून बघितली, आणि तिसऱ्या मिनिटाला शत्रू फार लवकर येतो असा शेरा दिला. त्याने तो बदल केला.

मोहीम अशी की पाच मालवाहू याने एका रांगेत, संथ, हद्दीपर्यंत न्यायची. तिथून ती हायपरस्पेसमध्ये उडी घेतात. वाटेत बंडखोरांची वाय-विंग टॉर्पेडो घेऊन येतात. यानांना नावं देता येतात. दादाने दिली होती परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला. स्लो लोकल.

आई पलंगावर मेथी निवडत बसली होती. आधी तिने लक्ष दिलं नाही. परळ उडी मारून गेलं. दादरही गेलं. माटुंग्याला एक टॉर्पेडो लागला, पण सुटलं. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात शीवचा आकडा घसरायला लागला, साठ, चाळीस, तीस.

"शीवचं काय झालं?" आईने विचारलं.

"मार खातंय," मी म्हटलं.

"मग तुम्ही दोघं करताय काय तिथे?"

"लेझर!" दादा ओरडला. मी दाबलं. पुढचं वाय-विंग फुटलं, मागचं वळलं. "पळव!" मी इंजिनाला सगळं दिलं. शीव अठरा टक्क्यांवर होतं, मग एकदम लांब झालं आणि दिसेनासं झालं. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली होती.

"फुटलं?"

"नाही गं, गेलं. पोचलं."

"बरं," आई म्हणाली, आणि पलंगावरून थोडी पुढे सरकली. "आता कुर्ल्याचं बघा."