नारळाची कुस्ती आणि शेवटचे इनाम

कायद्याच्या पुस्तकात पैलवानांची गाठ पडेल, अशी कल्पना मी विधिमहाविद्यालयात नाव घातले तेव्हा केली नव्हती. १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम शिकताना ती पडली. पैजेचा करार न्यायालयात टिकत नाही, असे ते कलम सांगते. आणि पैज कशास म्हणू नये, हे समजावण्यासाठी पाठ्यपुस्तके हटकून मुंबई उच्च न्यायालयाचा एक निवाडा पुढे करतात. बाबासाहेब रहिमसाहेब विरुद्ध राजाराम असे त्याचे नाव असून १९३१ च्या निवाडासंग्रहात तो छापलेला आहे. दोघा पैलवानांनी पुण्यास कुस्ती खेळण्याचे ठरविले. अट अशी की, ठरल्या दिवशी जो येणार नाही त्याने दुसऱ्यास ५०० रुपये द्यावेत, आणि जो जिंकेल त्यास तिकिटांच्या उत्पन्नातून ११२५ रुपये मिळावेत. एकजण आलाच नाही. दुसऱ्याने पाचशे रुपयांचा दावा लावला. ही तर पैज, असा बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही. हरणाऱ्याच्या खिशातून काहीच जाणार नव्हते; इनाम प्रेक्षकांच्या पैशातून निघणार होते.

परीक्षेपुरते एवढे पुरे होते. माझे मन मात्र त्या दोन रकमांवर खिळून राहिले. एक रक्कम जिंकण्याची, दुसरी येण्याच्या वचनाची. जो येतो, तो हरला तरी त्याच्या येण्याला काही मोल असते, हे त्या करारात स्वच्छ दिसत होते. आमच्या जत्रेच्या हिशोबात ते मला कधी दिसले नव्हते.

आमचे गाव भालकी तालुक्यात, सीमेपासून हाकेच्या अंतरावर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला आणि त्याचे निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. कागदावर रेघ पडली. हलगीला ती ऐकू आली नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार पुढे महाराष्ट्र केसरी झाले. आमच्याकडचे वृद्ध त्यांचे नाव घेताना आजही ‘आपले’ असाच शब्द वापरतात.

खंडोबाच्या जत्रेतला फड दुपारी सुरू होतो. आधी रेवड्यांवर लढणारी पोरे, मग नारळाच्या कुस्त्या, मग पन्नास, शंभर, पाचशे असे चढत चढत दिवे लागण्याच्या सुमारास शेवटची मानाची कुस्ती. पैसा सगळा लोकवर्गणीचा. मौज अशी की, त्या वर्गणीचा मोठा वाटा शेवटच्या एका जोडीवर जातो, आणि तासन्‌तास फड जागता ठेवणाऱ्या पोरांच्या वाट्यास, आईने घरात वाढवून ठेवावा, असा एक नारळ येतो.

गेल्या वर्षी पंचांच्या बैठकीत तरुण मंडळींनी सूचना मांडली की, खालच्या कुस्त्या बंद कराव्यात, ती रक्कम शेवटच्या इनामात घालावी आणि कोल्हापूर-पुण्याकडचा नामांकित पैलवान आणावा. गावाचे नाव होईल, पाहुणे येतील. सूचना अगदीच अविचाराची होती, असे मी म्हणणार नाही. नामांकित पैलवानाचा खुराक, वस्ताद, प्रवास यांस खर्च लागतो. त्याने फुकट यावे, असे कोण म्हणेल? तथापि इनाम फार फुगले की नुरा कुस्तीची शंका येते, हेही आमच्या भागात कोणास सांगावयास नको. दोघेही मोठे असले की खडाखडी लांबते, कुस्ती बरोबरीत सुटते आणि इनाम निम्मे-निम्मे होते.

माझा एक भाचा अमेरिकेत ओहायओ राज्यातल्या कोलंबस शहरी असतो. तेथील विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे मावतात. त्याने सांगितलेली रीत ऐकून मी चकित झालो. तिकडे पैसा आमच्या उलट दिशेने वाहतो. मोठे विद्यापीठ त्याच राज्यातल्या छोट्या विद्यापीठास आपल्या मैदानावर बोलावते आणि सामन्याच्या निकालाकडे न पाहता ठरलेली रक्कम देते. छोट्याचे इतर खेळ पुष्कळदा अशाच पैशावर चालतात. सरकारी विद्यापीठांचा पैसा असा राज्यातल्या राज्यातच राहतो, हाही त्यात एक हिशोब. छोटे बहुधा हरतात. १९२१ साली ओबर्लिन या लहानशा महाविद्यालयाने ७-६ असे हरविल्यानंतर कोलंबसचा संघ स्वराज्यातल्या कोणाकडून हरलेला नाही. पोरांची हाडे मोडण्याचा धोका पत्करून मिळविलेला पैसा तो. त्यास मी आदर्श म्हणणार नाही. पण ते दान नव्हे. २०२४ साली नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठ चौदा लाख डॉलर घेऊन नोत्र दाम या मातब्बर संघाकडे खेळावयास गेले आणि १६-१४ असे जिंकून परतले. रक्कम हरण्याची नव्हती, येण्याची होती. पुण्याच्या त्या पाचशे रुपयांसारखीच.

बैठकीत मी हे सांगितले. अमेरिकेचे नाव काढताच दोघेतिघे हसले. मग खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते पैसे फेडले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे अखेर फडाच्या मातीतून वसूल झाले. यावर कोणी हसले नाही.

वाद मराठीत झाला, ठराव कन्नडात लिहिला गेला. खालच्या कुस्त्यांची रक्कम आधी बाजूस काढावी, हरणाऱ्या पोरासही काही द्यावे, आणि उरेल त्यात शेवटची जोड ठरवावी. विरोध झाला; तोही नोंदविला.

यंदा नामांकित पैलवान आला नाही. निलंग्याकडचे दोन मध्यम पैलवान शेवटी लढले. कुस्ती निकाली झाली, पण गर्दी पूर्वीइतकी थांबली नाही. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “वकीलसाहेब, तुमच्या ठरावाने शेवट फिका झाला.” ते खरेच होते. पोरांच्या जोडी लावता लावता मात्र ऊन उतरले, आणि पंचांजवळचे नारळ संपले म्हणून देवळातून आणखी आणावे लागले.